शिवणाच्या डब्यातल्या कॅप्सूल

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या बाई ५४ वर्षांच्या आहेत, शिकवण्याचं काम करतात. अडीच वर्षांपूर्वी त्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून गेलेल्या कणांच्या ॲलर्जीने फुप्फुसाला येणारी सूज, असल्याचं निदान झालं. खिडकीशी मुक्कामाला असलेल्या कबुतरांची विष्ठा आणि पिसं हे कारण निघालं. कबुतरं हटवली, जाळी बसवली, पण तोवर फुप्फुसात फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखा घट्टपणा, धरला होता आणि तो हळूहळू वाढत राहिला. वर्षभरापासून प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची १० मिलिग्रॅमची गोळी चालू आहे. नऊ महिन्यांपूर्वी फायब्रोसिससाठी निंटेडॅनिब या औषधाच्या १५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल सुरू झाल्या, सकाळ-संध्याकाळ. तेव्हापासून दिवसातून पाच-सहा वेळा जुलाब. एकदा वर्ग चालू असताना खडू टाकून धावावं लागलं. त्या दिवसापासून, म्हणजे गेले दोन महिने, त्यांनी संध्याकाळची कॅप्सूल घेणं सोडलंय. औषधं यजमान आणतात. त्यांच्या लक्षात येऊ नये म्हणून उरलेल्या कॅप्सूल शिवणाच्या डब्यात, रिळांच्या खाली ठेवल्यात. जुलाब आता दोन-तीन वेळांवर आलेत. चेहरा गोल झाला म्हणून प्रेडनिसोलोनही मध्ये चार दिवस आपल्या मनाने बंद केली होती. चौथ्या दिवशी अंथरुणातून उठवेना, उठलं की अंधारी यायला लागली, तेव्हा घाबरून परत सुरू केली. यातलं डॉक्टरांना काही माहीत नाही आणि घरच्यांनाही नाही. पुढच्या महिन्यात पीएफटी, म्हणजे फुप्फुसांची श्वासचाचणी, आहे.

त्या लिहितात: "इतकं सोसून फायदा काय? खोकला तसाच, दम तसाच. उलट जिना चढताना आता दमाच्या आधी मांड्याच थकतात. औषध बंद केलं तर मी हार मानली असं होईल का? डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतील. नणंदेने एक पुडी आणून दिलीय, फुप्फुस साफ करणारी. ती घेऊन बघू का?"

उत्तर:

ताई,

तुमचा प्रश्न निंटेडॅनिबचा आहे, पण मी आधी त्या चार दिवसांबद्दल बोलणार आहे. पत्रात तुम्ही ते एका ओळीत उरकलेत आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली.

प्रेडनिसोलोन पुन्हा कधीही आपल्या मनाने एकदम बंद करू नका. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. त्या रोज कॉर्टिसोल बनवतात. ताप आला, मार लागला, शस्त्रक्रिया झाली, तर शरीर त्याच्याच जोरावर तग धरतं. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ स्टेरॉइड बाहेरून मिळत राहिलं की या ग्रंथी कामातून अंग काढून घेतात. वर्षभर रोज १० मिलिग्रॅम म्हणजे तुमच्या ग्रंथी बहुधा गाढ झोपलेल्या असणार. गोळी बंद झाली म्हणून त्या दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामाला लागत नाहीत. त्यांना जाग यायला कित्येक आठवडे, कधीकधी महिने लागतात. मधल्या काळात शरीर उघड्यावर पडतं. गळून जाणं, उभं राहताना अंधारी, मळमळ, सांधे दुखणं, रक्तदाब उतरणं, आणि वेळीच कुणाच्या लक्षात आलं नाही तर जिवावरही बेततं.

मी डॉक्टर नाही, तीस वर्षांपासून दम्याची रुग्ण आहे आणि त्या नात्याने हे सदर लिहिते. अंधारी येण्याला दहा कारणं असू शकतात. पण "वर्षभर स्टेरॉइड, मग चार दिवस बंद, मग उठवेना" एवढं ऐकल्यावर छातीचा कुठलाही डॉक्टर खुर्चीत सावरून बसेल. म्हणून ही गोष्ट पुढच्या महिन्याच्या भेटीपर्यंत ठेवू नका. या आठवड्यातच फोन करा किंवा जाऊन या. ताप आला, दात काढायचा झाला, कसली शस्त्रक्रिया निघाली, तर गोळी वाढवायची का आणि किती, हे विचारा आणि त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. पर्समध्ये एक चिठ्ठी कायम असू द्या: मी प्रेडनिसोलोन घेते, इतका डोस, अमुक महिन्यापासून. तुम्हाला बोलता येत नसेल अशा वेळी ती चिठ्ठी बोलेल.

आणि तुमच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. निंटेडॅनिबने मळमळ आणि उलट्याही होतात. म्हणजे तुमचं एक औषध दुसऱ्या औषधाला पोटातून बाहेर काढू शकतं. उलट्यांनी प्रेडनिसोलोन पोटात टिकत नसेल, किंवा जुलाबांनी अगदी गळून गेलात, तर "उद्यापर्यंत बघू" म्हणायचं नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

हे झालं. आता तुमचा प्रश्न.

"इतकं सोसून फायदा काय?" हा प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरलीय, की औषध काम करत असेल तर बरं वाटायला हवं. आपल्याला सवयच तशी असते. डोकं दुखलं, गोळी घेतली, थांबलं. मी इनहेलर ओढते आणि दहा मिनिटांत छाती मोकळी होते. औषध आणि आराम यांची गाठ आपल्या मनात इतकी पक्की बसलेली असते की आराम न देणारं औषध फसवं वाटायला लागतं. निंटेडॅनिब त्या जातीचं नाही. झालेला फायब्रोसिस ते पुसत नाही, खोकल्यासाठी ते नाही आणि आजच्या दमासाठीही नाही. फुप्फुस घट्ट होत जाण्याचा वेग कमी करणं, एवढंच त्याचं काम. न झालेलं नुकसान कधी जाणवत नसतं. जुलाब मात्र रोज जाणवतात. जमेची बाजू दिसत नाही आणि खर्चाची बाजू दिवसातून पाच वेळा दार ठोठावते, तर वही तोट्यात दिसणारच.

ती जमेची बाजू आकड्यांत सांगते, कारण ती तुम्हाला कुणी सांगितली असेल असं पत्रावरून वाटलं नाही. तुमच्यासारख्याच, म्हणजे वेगवेगळ्या कारणांनी फायब्रोसिस होऊन तो वाढत असलेल्या ६६३ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. पीएफटीत तुम्ही खोल श्वास घेऊन जोराने पूर्ण सोडता, त्या हवेच्या मापाला एफव्हीसी म्हणतात. औषध नसलेली नकली कॅप्सूल घेणाऱ्यांचं हे माप वर्षात सरासरी १८८ मिलिलिटरने घटलं. निंटेडॅनिब घेणाऱ्यांचं ८१ ने. फरक १०७ मिलिलिटरचा, म्हणजे साधारण अर्धा कप हवा. एका वर्षात अर्धा कप कुणाच्या लक्षात येणार? पण फुप्फुसं मुळात आखडलेली असली की तीन-चार वर्षांत साठलेले हे अर्धे कप मोजावे लागतात, जिन्याच्या पायऱ्यांमध्ये.

आता त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही सांगायला हवी, नाहीतर मी वकिली केल्यासारखं होईल. रुग्णांना रोज काय जाणवतं, दम, अस्वस्थता, एकूण जगणं, हे प्रश्नावलीतून मोजलं, तेव्हा वर्षाअखेरीला दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही. म्हणजे "मला काही फरक वाटत नाही" हे तुमचं म्हणणं खोटं नाही आणि कुरकुर तर नाहीच. आणि जुलाब? निंटेडॅनिब घेणाऱ्या दर शंभरांतल्या ६७ जणांना झाले. नकली कॅप्सूल घेणाऱ्यांत २४ जणांना. तुम्ही नाजूक आहात, तुमचं पोटच तसं आहे, असं जे तुम्ही स्वतःला समजावत आलात, ते सोडून द्या. औषध घेणाऱ्या दर तिघांतल्या जवळपास एकाचा डोस दुष्परिणामांमुळे कमी करावा लागला. डोस कमी करणं ही काही तुमची पळवाट नाही, डॉक्टरांकडे असलेली नेहमीची वाट आहे. फक्त तुम्ही तिच्यावरून अंधारात, एकट्या चाललात.

आणि चुकीच्या मापाने चाललात. हा हिशेब जरा बघा. पूर्ण डोस १५० दोनदा, म्हणजे दिवसाला ३००. तो झेपला नाही तर डॉक्टर सहसा १०० दोनदा देतात, म्हणजे २००. तुम्ही घेताय १५० एकदा. म्हणजे डॉक्टरांनी कमी केला असता त्याहूनही कमी औषध तुमच्या पोटात जातंय, तेही बारा तासांऐवजी चोवीस तासांच्या अंतराने. तुम्ही बोलला असतात तर कदाचित जास्त औषध आणि तेवढाच त्रास, असं काहीतरी जमलं असतं.

न बोलण्याबद्दल मी तुम्हाला बोल लावू शकत नाही. मी त्यातली पट्टीची आहे. पूर्वी मला रोज पीक फ्लो, म्हणजे श्वास किती जोराने सुटतो ते, मोजून वहीत लिहायला सांगितलं होतं. मी ते कधीच करायची नाही. भेटीच्या आदल्या रात्री बसून महिन्याभराचे आकडे एका बैठकीत भरायचे, खरं वाटावं म्हणून तीन वेगवेगळ्या पेनांनी. आकडे अर्थातच चांगले असायचे, वाईट आकडे कोण कशाला लिहील? डॉक्टरांनी ते आकडे खरे धरले, आजार ताब्यात आहे असं समजून इनहेलरचा डोस उतरवला. तीन आठवड्यांनी मध्यरात्री मी रुग्णालयात, तोंडाला नेब्युलायझर. सकाळी डॉक्टर आले, वही चाळली आणि म्हणाले, "अक्षर फार छान आहे हो तुमचं." पुढे काहीच बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

तुमच्याबाबतीत पुढच्या महिन्यात काय होईल ते सांगते. समजा एफव्हीसी घसरलेली निघाली. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलंय, पूर्ण डोस चालू. मग ते म्हणणार, पूर्ण डोस देऊनही आजार वाढतोय, म्हणजे औषध लागू पडत नाही. मग ते बदलतील, किंवा आणखी एखादं जड औषध वर चढवतील, आणि खरं कारण शिवणाच्या डब्यात पडलेलं असेल. समजा एफव्हीसी टिकलेली निघाली, तर "छान, चालू ठेवा" म्हणतील, आणि तुम्ही आणखी सहा महिने कॅप्सूल लपवत बसाल. दोन्हीकडे निर्णय भलत्याच बाईसाठी होणार, जी सकाळ-संध्याकाळ कॅप्सूल घेते आणि जिला काही त्रास नाही.

"रागावतील" हा तुमचा अंदाज आहे. कदाचित रागावतीलही, डॉक्टरसुद्धा माणूसच. पण दिवसाला पाच वेळा जुलाब होतात हे तरी तुम्ही त्यांना नीट सांगितलं होतं का? पत्रात तुम्ही लिहिलंय, "पोटाचं थोडं चालूच असतं असं म्हटलं होतं." ताई, "थोडं चालूच असतं" यातून डॉक्टरांना काय कळणार? पोटाच्या गोष्टी बोलायची आपल्याला लाज वाटते, आणि मग ज्या दुष्परिणामाची यादीत पहिल्या नंबरला नोंद आहे तोच आपण गिळून टाकतो. आकडा सांगायचा. दिवसातून किती वेळा, रात्री उठावं लागतं का, पातळ की पाण्यासारखं, किती किलो वजन उतरलं. रोजची एक ओळ, पंधरा दिवस. तारीख, कॅप्सूल किती वाजता आणि काय खाऊन घेतली, किती वेळा जावं लागलं. आठवड्यातून एकदा वजन. बस. आदल्या रात्री भरायची नाही.

आता पायऱ्यांबद्दल, कारण सोसणं आणि सोडणं यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या आहेत आणि तुम्ही एकीवरही पाय ठेवलेला दिसत नाही.

पहिली फार साधी आहे. तुम्ही लिहिता की सकाळचा वर्ग असतो, खाल्लं की जावं लागेल या भीतीने काही न खाताच कॅप्सूल घेऊन निघता. हे नेमकं उलटं होतंय. निंटेडॅनिब जेवणासोबतच घ्यायचं असतं. रिकाम्या पोटी ते पोटाला जास्त छळतं. कॅप्सूल पाण्याबरोबर अख्खी गिळायची, चावायची किंवा फोडायची नाही. दोन कॅप्सूलमध्ये साधारण बारा तास. एखादी चुकली तर पुढच्या वेळची तेवढीच घ्यायची, दोन एकदम नाहीत. सकाळी जेवण होतच नसेल, तर वर्ग संपवून पोटभर जेवताना पहिली आणि रात्री त्याच्या बारा तासांनी काहीतरी खाऊन दुसरी, असं वेळापत्रक सरकवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. वर्गाचे तास सुटले तरी तुमचा निम्मा जीव सुटेल असं मला वाटतं.

दुसरी पायरी जुलाब थांबवणाऱ्या औषधाची. लोपेरामाइड यासाठी नेहमी दिलं जातं, आणि पुष्कळ डॉक्टर ते निंटेडॅनिबच्या चिठ्ठीबरोबरच लिहून देतात. किती आणि कधी घ्यायचं ते विचारून घ्या. ताप असेल किंवा शौचातून रक्त पडत असेल तर मात्र ते न घेता डॉक्टरांना गाठायचं, कारण मग हा जुलाब वेगळा असू शकतो. जुलाबाच्या दिवसांत पाणी आणि क्षार जायला हवेत. दूध, कॉफी, तेलकट आणि मसालेदार यांनी काहींना वाढतं, तुमच्या त्या एका ओळीच्या वहीत ते आपोआप दिसेल. तिसरी पायरी म्हणजे काही दिवस औषध थांबवून पोट शांत झालं की पुन्हा सुरू करणं. चौथी, १०० चा डोस. या दोन्ही डॉक्टरांनी ठरवायच्या. निंटेडॅनिब मध्ये थांबवलं तर प्रेडनिसोलोनसारखं शरीर कोसळत नाही, म्हणून तिथे अशी मोकळीक असते. तुमच्या दोन औषधांतला हा फरक लक्षात ठेवा. औषधांच्या एकाच डब्यात राहतात म्हणून दोघांचे नियम एक नाहीत.

आणि एवढं सगळं करूनही नाहीच झेपलं, तर? तर थांबवता येतं. पिरफेनिडोन नावाचं याच कामाचं दुसरं औषध आहे. त्याचे त्रास वेगळे, मळमळ आणि उन्हाने त्वचा भाजणं हे मुख्य. तुमच्या प्रकारच्या आजारात ते बसेल का, हे डॉक्टर सांगतील. आणि समोरासमोर बसून, जमा आणि खर्च दोन्ही मांडून, "मला हे औषध नको, उरलेल्या ताकदीत मला शिकवायचंय" असं तुम्ही ठरवलंत, तर त्याला हार म्हणायला मी तयार नाही. असं ठरवणारे रुग्ण मी पाहिलेत, चांगले खमके. पण तो निर्णय रिळांखाली घेता येत नाही.

नणंदेच्या पुडीबद्दल एकच परिच्छेद. नको. निंटेडॅनिब यकृताला त्रास देऊ शकतं, म्हणून सुरुवातीचे तीन महिने दर महिन्याला आणि नंतर दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी होत असते. पुडीत काय आहे हे नणंदेलाही ठाऊक नाही. उद्या यकृताचे आकडे वाढले तर दोष कुणाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही आणि पहिला बळी निंटेडॅनिबचा जाईल. शिवाय अशा अनामिक पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडल्याची उदाहरणं आहेत, आणि ते तुमच्या पोटात आधीच आहे. नणंदेच्या मायेचा मान ठेवा, पुडी ठेवून द्या.

आता चेहरा. तुम्ही तो विषय "वेडेपणा आहे म्हणा" असं लिहून झाकून टाकलात. वेडेपणा मुळीच नाही. समूहाच्या फोटोत मागच्या रांगेत जाऊन उभं राहावंसं वाटणं, आरशातलं तोंड अनोळखी वाटणं, याने माणूस आतून खचतो, आणि बायकांनी स्टेरॉइड गुपचूप बंद करण्याचं हे एक मोठं कारण आहे. डोस उतरत गेला की चेहऱ्याचा गोलावाही काही महिन्यांत उतरतो. मग प्रश्न असा विचारा: मला अजून १० मिलिग्रॅमची गरज आहे का? हा प्रश्न अगदी रास्त आहे. तुमच्या आजारात एकदा फायब्रोसिस धरला की दीर्घकाळ स्टेरॉइडचा उपयोग किती, यावर तज्ज्ञांचंही पूर्ण एकमत नाही. कदाचित डॉक्टर म्हणतील, हळूहळू उतरवून पाहू. उतरवणं आणि तोडणं यातलं अंतर तुम्ही त्या चार दिवसांत पाहिलंच आहे.

आणि तुमच्या मांड्या! पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलेलं वाक्य तेच आहे. दीर्घकाळच्या स्टेरॉइडने मांड्या आणि खांद्यांजवळचे स्नायू अशक्त होतात. दुखत नाहीत, नुसतेच दगा देतात. खालच्या खुर्चीतून उठताना हाताचा रेटा द्यावा लागतो, वरच्या फळीवरचं काढताना हात थरथरतात. फुप्फुसाच्या रुग्णांत हे हमखास निसटतं, कारण जिन्यात थांबलं की आपण आणि डॉक्टर दोघंही दमाचंच बिल फाडतो. घरी करून पाहा: छातीवर हाताची घडी घालून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा. जमत नसेल तर तसं सांगा. पुष्कळदा यात हालचाल कमी झाल्याचाही वाटा असतो, आणि दोन्हींवर उपाय पल्मनरी रिहॅबिलिटेशनचा: फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सहा ते आठ आठवडे चालण्याचा, पायांच्या ताकदीचा आणि श्वासाचा व्यायाम. फायब्रोसिस त्याने जात नाही, पण तेवढ्याच फुप्फुसात जास्त चालता येतं. मला विचाराल तर जाणवणारा फायदा तुम्हाला कॅप्सूलपेक्षा इथे आधी मिळेल. तुम्हाला कधी तिकडे पाठवलं नसेल तर स्वतःहून नाव काढा.

जाता जाता स्टेरॉइडच्या आणखी दोन गोष्टी, कारण अशा चुका मी इतर वाचकांच्याही पत्रांत पाहिल्यात. सकाळी प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांची साखर बहुधा दुपारी आणि संध्याकाळी चढते. उपाशीपोटीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नका, दुपारच्या जेवणानंतरचीही तपासा. गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची, संध्याकाळी घेतली तर रात्र जागून काढावी लागू शकते. आणि हाडांची घनता, मोतीबिंदू आणि काचबिंदूसाठी डोळे, फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी, यांची आठवण डॉक्टरांना आपणच करून द्यायला हरकत नसते. त्यांच्यासमोर दिवसाला पन्नास छात्या असतात.

यजमानांना सांगायला हवं का, असं तुम्ही विचारलेलं नाही. मी तरीही सांगते. भावनेचा भाग बाजूला ठेवला तरी, तुम्ही अंधारी येऊन पडलात तर "ही स्टेरॉइडवर आहे, आणि दोन दिवस गोळी पोटात टिकलेली नाही" हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत असायलाच हवं. घरातल्या एका माणसाला तरी. ते औषधं आणतात, नेमाने आणतात. बहुधा सगळ्यात सोपा माणूस तोच आहे.

डॉक्टरांसमोर काय बोलायचं ते घरूनच ठरवून जा. आपण मुख्य गोष्ट उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून सांगतो, तेव्हा पुढचा रुग्ण आत आलेला असतो. तुम्ही बसल्या बसल्या पहिलंच वाक्य हे बोला: "डॉक्टर, दोन महिने मी निंटेडॅनिब एकदाच घेतेय, आणि मध्ये चार दिवस प्रेडनिसोलोनही सोडली होती. जुलाब झेपत नव्हते. आता दोघांनी मिळून काहीतरी वेगळं ठरवू या." हे पीएफटीच्या आधी बोला, म्हणजे रिपोर्ट वाचताना त्यांना खरं काय ते माहीत असेल.

बोलणं जमलं नाही, घशाशी अडकलं, तर त्याचीही सोय आहे. दोन महिन्यांच्या साठेक कॅप्सूल असतील ना त्या डब्यात? रिळं, सुया घरी काढून ठेवा आणि डबा तसाच सोबत न्या. टेबलावर ठेवा आणि झाकण उघडा.